विमलताईंची पातेल्याजवळची जागा

सौ. विमलताई कापगते यांची नि माझी पहिली भेट भांडणाने झाली, हे आधीच सांगून टाकते. गौरवग्रंथात असं काही लिहू नये म्हणतात. पण संपादक मंडळींनी ‘मनापासून लिहा’ असं बजावलं आहे. मनापासून लिहायचं तर भांडणापासूनच सुरुवात करावी लागेल, माझा इलाज नाही.

मी छत्तीसगडातल्या दुर्गची. आमचं घराणं तिथे कित्येक पिढ्यांचं. घरात गाणं, बाहेर कोर्टकचेरी. भिलाई हाकेच्या अंतरावर असूनही आमच्याकडे तिला ‘कारखान्याची वस्ती’ म्हणत आणि तिकडच्या मराठीला नाकं मुरडत. मी भिलाईतल्या नेहरू नगरच्या एका शाळेत संगीत शिकवायला लागले तरी माझं नाक काही सरळ झालं नव्हतं. त्या सुमारास कारखान्याच्या एका सेक्टरातल्या लोकांनी जानेवारीतल्या एका रविवारी आंतरराष्ट्रीय बंधुत्व दिवस करायचं ठरवलं. सगळ्या धर्मांच्या, सगळ्या प्रांतांच्या प्रार्थना एका ठिकाणी व्हायच्या होत्या आणि आरंभीचं भजन म्हणायला मला बोलावलं होतं. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हटल्यावर मी ठेवणीतलं पातळ नेसले, पेटी ऑटोत घातली आणि निघाले.

पोचले तर काय, मंच नाही, माइक नाही, हार नाही की तुरा नाही. एका क्वार्टरच्या अंगणात गोल करून सतरंज्या अंथरलेल्या. आंतरराष्ट्रीय म्हणाल तर सेक्टरचा नेपाळी चौकीदार, त्याची बायको आणि दोन पोरं. एवढंच. पदर खोचलेल्या एक बाई चुलीवर भलं मोठं पातेलं चढवून बसल्या होत्या. त्यांनी हातातल्या डावानेच मला, कुठेही बसा, अशी खूण केली. त्याच विमलताई.

माझं भजन झालं, बाकीच्यांच्या प्रार्थना झाल्या, चहा झाला. मी पेटीला खोळ घालायला लागले तशा विमलताई शांतपणे म्हणाल्या, आता पुन्हा पाच वाजता. मला वाटलं, काही चुकतंय. त्यांनी समजावून सांगितलं. सकाळी सेकंड शिफ्टवाले आणि रात्रपाळी करून आलेले बसले होते, फर्स्ट शिफ्टवाले कामावर होते. ते दुपारी दोनला सुटतील, जेवतील, मग येतील. त्यांच्यासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी उखडलेच. मी काय सिनेमा आहे का दिवसाला दोन खेळ करायला, असं तोंडावर म्हणाले. त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, तुम्हाला जायचं असेल तर खुशाल जा, फक्त पेटी ठेवून जा, कोणीतरी वाजवेल. माझी पेटी कोणीतरी वाजवणार! मी मुकाट्याने थांबले.

दुपारी त्यांच्याकडे भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण जेवले, त्यांच्याच खाटेवर घटकाभर पडले आणि संध्याकाळी पुन्हा गायले. निघताना त्यांनी मला अभिप्राय दिला, मी मागितला नसताना. सकाळपेक्षा संध्याकाळचं चांगलं झालं म्हणे. सकाळी मी रागात होते, ते गाण्यात उतरलं होतं. माझ्या गुरुजींनंतर इतकं नेमकं मला कोणी सुनावलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी बोलावणं यायची वाट मी बघत बसले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तेव्हापासून जानेवारीतल्या त्या रविवारी भिलाईत एकच सभा दोनदा भरते. बाहेरून येणाऱ्यांना हे कळत नाही. एक पाहुणे तर म्हणाले, सगळ्यांना सोयीची एखादी वेळ काढा की. पोलादाची भट्टी रविवारी थांबत नाही, दिवाळीला थांबत नाही, तिथे सगळ्यांना सोयीची वेळ कुठून काढायची? विमलताईंनी ते पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. आपल्याला वेळ नाही म्हणून देव दुसऱ्यांनी ऐकला, असं कोणाला वाटू नये, एवढाच त्यांचा हट्ट होता.

पहिला मान कोणाचा यावरूनही सुरुवातीला बरीच धुसफूस झाली. मान म्हटला की माणूस लहान होतो. एका मंडळाचे प्रमुख, चांगले वयस्क गृहस्थ, आमची प्रार्थना पहिली नसेल तर आम्ही येत नाही म्हणून अडून बसले. विमलताईंनी कारखान्याची रीत लावली. शिफ्ट जशी फिरते तशी प्रार्थना फिरेल, यंदा जे पहिले ते पुढल्या वर्षी शेवटी. ते गृहस्थ तरी कुरकुरले, तेव्हा विमलताई त्यांना इतकंच म्हणाल्या की भाऊ, यंदा तुमची नाइट शिफ्ट आहे, पुढल्या वर्षी फर्स्ट देऊ. सगळे हसले आणि त्यांनाही हसावं लागलं.

खाण्याचंही तसंच. कोणी कांदा खात नाही, कोणी कोणाच्या हातचं खात नाही, कोणाचा उपास. विमलताईंनी छत्तीसगडी शेजारणीकडून फरे शिकून घेतले. तांदळाच्या पिठाचे, नुसते वाफेवर शिजवलेले, वर चिमूटभर तीळ. दोन्ही सभांना फरे आणि चहा. ते करायला प्रत्येक घरातली एक बाई आदल्या दिवशी येते, म्हणजे मग कोणाच्या हातचं हा प्रश्नच उरत नाही. मी मात्र फरे वळायला बसत नाही. माझे वाकडे होतात आणि विमलताई ते सगळ्यांना दाखवतात.

विमलताई स्वतः पातेल्याजवळ. काही झालं तरी ती जागा सोडायच्या नाहीत. नजर गोलाकडे, हात डावावर, पण त्यांचा चहा कधी उतू गेला नाही. प्रार्थना म्हणायला त्या गोलात आल्या नाहीत याचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही. सेवा हीच त्यांची प्रार्थना, असं आम्ही भाषणांत म्हणायचो. मीही म्हटलं आहे, चांगला आवाज लावून. त्या ऐकायच्या आणि चहात साखर घालायच्या.

त्यांच्या घरची हकीगत आम्हाला ठाऊक होती. साकोलीकडचं शेतकरी घर. विमलताईंचे यजमान, कापगतेभाऊ, तरुणपणी भिलाईला आले आणि रोलिंग मिलमध्ये लागले. धाकटा मुलगा विनोद पॉलिटेक्निकला शिकत होता. त्याला मेंदूज्वर झाला. तो दवाखान्यात असताना सगळा सेक्टर लोटला होता. शेजारच्या हरभजन कौर, ज्यांना सगळे बीजी म्हणतात, त्यांनी घरी गुरुग्रंथसाहेबाचा पाठ ठेवला. कारखान्यातले इंजिनिअर कुरियनसाहेब आणि त्यांच्याकडची मंडळी रोज संध्याकाळी व्हरांड्यात उभं राहून प्रार्थना करायची. कोणी दर्ग्यातला धागा आणला. कापगतेभाऊ डोंगरगडच्या देवीला अनवाणी जाऊन आले. एका व्हरांड्यात एवढे देव कधी जमले नसतील. विनोद गेला. त्यानंतर वर्षाने विमलताईंनी या दिवसाची कल्पना काढली, आणि सगळ्यांनी साहजिकच असं धरलं की ज्यांनी ज्यांनी प्रार्थना केली त्यांचे हे उपकार फेडणं आहे. विमलताईंना कोणी विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारायच्या कशा?

त्याचा उलगडा झाला तो एका पाहुणीमुळे. काही वर्षांपूर्वी परदेशातून एक लहानसा गट आमच्या दिवसाला आला. एव्हाना आमचं ‘आंतरराष्ट्रीय’ नाव थोडंफार खरं व्हायला लागलं होतं. त्या गटात ल्युदमिलाबाई म्हणून एक रशियन बाई होत्या, विमलताईंच्याच वयाच्या. त्यांचे वडील कारखाना उभारायला आलेल्या इंजिनिअरांपैकी एक, आणि लहानपणाची दोन वर्षं त्या इथे राहिल्या होत्या. वडील वारल्यानंतर त्यांनी उभारलेलं गाव बघावं, तिथे त्यांच्या नावाने काही म्हणावं, म्हणून त्या एवढ्या लांब आल्या होत्या. उतरल्या होत्या कापगत्यांकडेच, खुर्सीपारला निवृत्तीनंतर बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात. विमलताईंना रशियन येत नाही आणि त्यांना हिंदी येत नाही, तरी दोघी सकाळपासून भाजी निवडत गप्पा मारत असायच्या. काय बोलायच्या कोण जाणे. कुरियनसाहेब तरुणपणी ट्रेनिंगला रशियात राहून आलेले. ते दुभाषे म्हणून गेले, तर त्यांना म्हणे काही कामच उरलं नव्हतं.

त्या वर्षी सकाळची सभा सुरळीत झाली. गटातल्या बाकीच्यांनी आपापल्या प्रार्थना म्हटल्या. ल्युदमिलाबाई म्हणाल्या, मी संध्याकाळी म्हणेन. संध्याकाळ झाली, गोल बसला, आणि त्या दिसेनात. बघतो तर अंगणाबाहेर पायरीवर बसलेल्या, पिशवी मांडीवर घेऊन. त्यांना ऑटो हवी होती, दुर्ग स्टेशनला जायला. कुरियनसाहेबांनी विचारपूस केली आणि परत येऊन हळू आवाजात आम्हाला सांगितलं, की यांच्याकडे प्रार्थनाच नाही. घरात कधी कोणी शिकवलीच नाही, वडिलांनाही येत नव्हती. दिवसभर पाठ केलेलं काहीतरी म्हणून बघत होत्या, पण वडिलांच्या नावाने खोटं बोलल्यासारखं होतं म्हणतात. ज्याच्याकडे प्रार्थना नाही त्याने प्रार्थनेच्या गोलात कशाला बसायचं, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही शहाणी माणसं सल्ले द्यायला लागलो. कोणी म्हणालं, दोन ओळी लिहून देऊ. मी म्हणाले, माझ्या मागून नुसता सूर धरा म्हणावं. विमलताई पातेल्याजवळून हे ऐकत होत्या. चहाला उकळी येत होती. त्या उठल्या, डाव खाली ठेवला, बाहेर गेल्या आणि ल्युदमिलाबाईंच्या हाताला धरून त्यांना आत घेऊन आल्या. गोलात जागा करून दोघी शेजारी बसल्या. इतक्या वर्षांत विमलताई सतरंजीवर बसलेल्या मी पहिल्यांदा पाहत होते.

आधीचे दोघे म्हणून झाले आणि त्यांची वेळ आली. ल्युदमिलाबाईंनी मान खाली घातली. विमलताई बोलल्या. आवाज रोजचाच होता, मीठ कमी पडलंय म्हणून सांगावं तसा.

“यांले प्रार्थना येत नाही म्हनून या बाहेर जाऊन बसल्या होत्या. मंग मलेबी बाहेर बसा लागन. मलेबी येत नाही. पयले येत होती. माह्या विनोदच्या वक्ताले सारी म्हनून झाली, मायीबी अन् तुमचीबी. देव काही आला नाही. मानसं आली. म्हनून म्या मानसाईलेच धरून ठेवलं.”

कुरियनसाहेबांनी ते ल्युदमिलाबाईंना सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. दवाखान्याच्या व्हरांड्यात रोज संध्याकाळी उभे राहणारे ते तेच होते. समोर कापगतेभाऊ होते, जे आजही रोज पहाटे देवपूजा करतात. पाठ ठेवणाऱ्या बीजी होत्या. ज्यांनी ज्यांनी त्या पोरासाठी हात जोडले होते त्यांतले निम्मे लोक त्या गोलात होते, आणि विमलताईंनी त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या प्रार्थनेने काही झालं नाही, माझी तर तेव्हाच आटली. एवढ्या वर्षांचा हा दिवस आज मोडतो, असंच मला वाटलं. कोणी उठून गेलं असतं तर त्याला दोष तरी कसा द्यायचा?

उठल्या बीजी. त्यांचे गुडघे दुखतात, त्या खुर्चीवर बसतात. काठी टेकत गोल ओलांडून त्या विमलताईंपाशी आल्या आणि म्हणाल्या, “सरक थोड़ा. मुझे भी यहीं बैठना है.”

विमलताई सरकल्या. बीजी मोठ्या कष्टाने खाली बसल्या. मग पुढची प्रार्थना कोणी सुरू केलीच नाही. कापगतेभाऊ डोळे पुसत होते आणि ते लपवत नव्हते. ल्युदमिलाबाईंनी विमलताईंचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता आणि ओठ हलत होते. वडिलांशी बोलत असतील, आपल्या भाषेत, स्वतःचंच काही. जळका वास यायला लागला तेव्हा सगळ्यांना भान आलं. चहा उतू जाऊन चूल विझली होती आणि दूध करपलं होतं. त्या संध्याकाळी आम्ही करपट चहा प्यायलो, आणि कोणी नाव ठेवलं नाही.

हे विमलताईंच्या गौरवासाठी सांगावं की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. मी जन्मभर भजनं गायलेली बाई. माझा देवावर विश्वास आहे आणि तो विमलताईंमुळे कमी झालेला नाही. उलट त्या दिवसापासून मला माझ्याच गाण्याबद्दल एक प्रश्न पडला, तो अजून सुटलेला नाही. आपण प्रार्थना म्हणतो ती वर पोचावी म्हणून, की शेजारी बसलेल्याला एकटं वाटू नये म्हणून? पहिल्यासाठी माझा सूर लागायला हवा. दुसऱ्यासाठी मी नुसतं येऊन बसले तरी पुरतं. पंडित मंडळी यावर काय म्हणतील ते म्हणोत. आपल्याजवळ जे नाही त्याचा हिशेब घालत बसण्यापेक्षा विमलताईंनी जे आलं ते सांभाळलं, एवढं मला दिसतं. आणि ते सांभाळताना कोणाची श्रद्धा कधी उणी लेखली नाही. कापगतेभाऊंच्या पूजेची फुलं आजही त्याच तोडून ठेवतात.

त्या वर्षानंतर दोन्ही सभांमध्ये एक वेळ मोकळी ठेवायची रीत पडली. तेव्हा कोणी काही म्हणत नाही. ज्यांच्याकडे प्रार्थना नाही, किंवा होती पण हरवली, ते त्या वेळात असतात. आम्हाला वाटलं होतं, एक-दोघे असतील. पण हळूहळू कळायला लागलं की अशी माणसं आपल्यात कमी नाहीत. कोणाची नोकरी गेलेली, कोणाचा मुलगा बोलत नाही, कोणाचं देवाशी नुसतं बिनसलेलं. पूर्वी ती घरीच राहायची. आता येतात.

माझ्यावरही ती वेळ आली. आमचे हे गेले त्या वर्षी माझा गळा बंद झाला. गाणं म्हणजे काय ते जणू मी विसरले. भजनाचं निमंत्रण आलं तेव्हा जमणार नाही असा निरोप धाडला आणि दार लावून बसले. विमलताई दुर्गला आल्या, बसने, या वयात, हातात फऱ्यांचा डबा. सांत्वन वगैरे त्यांना येत नाही. त्यांनी माझं स्वयंपाकघर आवरलं, चार दिवसांची भांडी घासली, मला जेवायला लावलं. जाताना दारात थांबून म्हणाल्या, “गाऊ नका, बाई. या फक्त.”

मी गेले. पेटी न घेता गेले. दोन्ही वेळा त्या मोकळ्या वेळात बसले आणि कोणी मला काही विचारलं नाही. विमलताईंनी पातेल्याजवळून एक चहा आणून माझ्यापुढे ठेवला आणि परत आपल्या जागेवर गेल्या. पुढच्या वर्षी माझा आवाज परत आला. तो देवाने दिला असं मी म्हणते. विमलताई त्यावर काही बोलत नाहीत, त्यांना एवढा विनय आहे.

आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गुडघे कुरकुरतात, कानाला कमी येतं, तरी आदल्या दिवशी पीठ भिजवताना त्यांच्या देखरेखीतून कोणाची सुटका नाही. गौरव समितीने ठरवलं होतं की प्रत्येक समाजाने त्यांच्या दीर्घायुष्यासाठी खास प्रार्थना म्हणावी, सकाळी आणि संध्याकाळी. हे सांगायला मला पाठवलं, कारण बाकीच्यांना हिंमत झाली नाही. विमलताईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. माझ्या नावाने काही मागू नका, म्हणाल्या. एकदा सगळ्यांनी मिळून मागून पाहिलंय. तेव्हा जसे आले होते, तसे या.

तर ताई, तुमचा शब्द आम्ही पाळू. तुमच्यासाठी शंभर वर्षांचं आयुष्य आम्ही सभेत मागणार नाही. घरी मी काय मागते ते मात्र विचारू नका, त्यात तुम्ही पडू नये. तुमची प्रकृती चांगली राहावी, हातातला डाव सुटू नये, कापगतेभाऊंच्या पूजेची फुलं तुम्हीच तोडावी, आणि पुढची कितीतरी वर्षं माझे वाकडे फरे तुम्ही सगळ्यांना दाखवत राहावं, एवढी माझी इच्छा आहे. बाकी सगळे आम्ही येऊ. फर्स्ट शिफ्टवाले संध्याकाळी, सेकंडवाले सकाळी, आणि मी दोन्ही वेळा. ज्यांच्याकडे प्रार्थना आहे ते घेऊन येतील, ज्यांच्याकडे नाही ते तसेच येतील. जानेवारीत गोल बसला की आधी पातेल्याजवळची, तुमच्या बाजूची जागा बघेन. त्या संध्याकाळपासून ती बीजींनी धरली आहे, त्या तिथे बसलेल्या असतीलच. त्यांना मी सरकायला सांगेन.